तुम्ही विचारा : सॅक्सोफोनला शब्द देणारी ॲनी

मागच्या अंकात गाण्यात आधी चाल की आधी शब्द, ह्यावर लिहिता लिहिता मी ॲनी रॉसचं नाव एका ओळीत टाकलं आणि पुढे निघून गेलो. स्कॉटिश जॅझ गायिका, सॅक्सोफोनच्या सोलोवर शब्द लिहून गायची, बस एवढंच. झालं, महिनाभर माझं व्हॉट्सॲप वाजून राहिलं. कोणी म्हणे ही कोण बाई, कोणी म्हणे ऐकली पण डोक्यावरून गेली, एका काकांनी तर सरळ भांडणच काढलं. म्हणून ह्या वेळचा सगळा कॉलम तिच्यावरच. पेटीच्या ट्यूनिंगचे आणि तबल्याच्या शाईचे प्रश्न पुढच्या महिन्यात घेतो, रागावू नका बाप्पा.

"दादा, तुम्ही तिला स्कॉटिश लिहिलं. मी नेटवर पाहिलं तर जन्म लंडनजवळचा, लहानपण अमेरिकेत, आणि गेली पण न्यूयॉर्कमध्येच. मग स्कॉटिश कुठून झाली?" (एक वाचक, धरमपेठ)

तुम्ही झाडीपट्टीची नाटकं पाहिली आहेत का? धान घरात आलं की वडश्याच्या कंपन्या निघतात, आज ह्या गावात उद्या त्या गावात, रात्रभर प्रयोग आणि सकाळी गाडीत झोप. आता अशा कंपनीतल्या नवरा-बायकोला मुक्कामात कुठे पोरगी झाली तर दाखल्यावर जे गाव येईल ते येईल, पोरगी झाडीपट्टीचीच ना? ॲनीचं अगदी तसंच आहे. आईबाप दोघंही स्कॉटलंडचे, व्हॉडव्हिल करणारे, म्हणजे गाणं, नाच, विनोद, नकला सगळं एकाच तिकिटात. वडील जॅक शॉर्ट, आई मे डॅल्झिएल. २५ जुलै १९३० ला लंडनच्या दक्षिणेला मिचम इथे ही जन्मली, नाव ठेवलं ॲनाबेल. भाऊ जिमी मात्र ग्लासगोत जन्मला आणि जिमी लोगन नावाने पुढे स्कॉटलंडचा लाडका विनोदी नट झाला. लोगन हे आडनावही घरचं नाही, ते मावशीचं स्टेजवरचं नाव, तेच ह्याने उचललं. एकूण त्या घरात खरं आडनाव लावायची पद्धतच नव्हती म्हणा.

आणि अजून पुरावा पाहिजे तर 'अवर गँग फॉलीज ऑफ १९३८' म्हणून एक छोटा सिनेमा आहे, त्यात सात वर्षांची ॲनी स्कॉटिश पोशाखात 'लॉक लोमंड' गाते. स्कॉटलंडचं जुनं लोकगीत, पण ही पोट्टी ते स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीत घेते, खांदे उडवत. पुढे पन्नास वर्षं तिने जे केलं त्याचं बी तिथेच दिसते.

"भाऊ, माझी मुलगी सात वर्षांची आहे, फार छान गाते. एका टीव्ही शोच्या ऑडिशनला मुंबईला न्यायचं म्हणतो. माझी बहीण तिकडेच राहते, ती म्हणते सिलेक्शन झालं तर वर्षभर माझ्याकडे ठेव, मी सांभाळते. तुमच्या कॉलमचा विषय नाही पण तुमचं मत पाहिजे." (एक आई, मनीषनगर)

ताई, विषय नाही कसा, ह्याच बाईचा विषय आहे. आपल्याकडे म्हणतात माय मरो मावशी जगो, ॲनीच्या बाबतीत माय जिवंत होती आणि मावशीच उरली.

झालं असं की ॲनी चार वर्षांची असताना सगळं कुटुंब बोटीने न्यूयॉर्कला गेलं. तिथे पॉल व्हाइटमन ह्या मोठ्या बँडलीडरची रेडिओवर लहान मुलांची स्पर्धा होती, ती पोरीने जिंकली आणि बक्षीस म्हणून एमजीएम स्टुडिओचं एक नावापुरतं काँट्रॅक्ट मिळालं. ते दिवस शर्ली टेंपलचे, अख्ख्या हॉलिवूडला गोड गाणारी पोरगी पाहिजे होती, आईबापांना वाटलं आपलीच का नाही. मावशी एला लोगन गायिका होती, नंतर ब्रॉडवेवर तिने चांगलं नाव काढलं. पोरीला मावशीच्या हवाली केलं, ती तिला घेऊन लॉस एंजेलिसला गेली, आईबाप आणि भाऊ बोटीत बसून परत. त्यानंतर पोरीने आईबापांचं तोंड पाहिलं ते चौदा वर्षांनी.

चौदा वर्षं, ताई. वनवासच की.

आता त्यात कमावलं काहीच नाही असं नाही. मावशीच्या घरी गाणारे-वाजवणारे लोक येत, कान तयार झाला. १९४३ च्या एका सिनेमात जुडी गारलंडच्या बहिणीचं काम मिळालं. चौदाव्या वर्षी हिने एक गाणं लिहिलं, ते स्पर्धेत पहिलं आलं आणि जॉनी मर्सरने रेकॉर्ड केलं, तेव्हाचा फार मोठा गीतकार-गायक तो. पण शर्ली टेंपल काही ती झाली नाही. शाळा अर्धवट टाकून युरोपात गेली, नाव बदलून ॲनी रॉस केलं, पॅरिसमध्ये केनी क्लार्क ह्या ड्रमरबरोबर राहिली, बीबॉप, म्हणजे तेव्हाची नवी, वेगवान आणि गुंतागुंतीची जॅझ, ती वाजवणाऱ्यांमधला पहिल्या फळीचा माणूस. १९५० मध्ये मुलगा झाला आणि तो मुलगा वाढला कुठे, तर क्लार्कच्या भावाकडे. म्हणजे जे हिच्या वाट्याला आलं तेच पुढच्या पिढीला. हे मी दोष द्यायला सांगत नाही, वीस वर्षांची पोर, हातात पैसा नाही, पण तुम्ही मत विचारलं म्हणून सांगतो. ऑडिशनला न्या, मुंबई दाखवा, वडापाव खाऊ घाला आणि संध्याकाळच्या गाडीने परत आणा. वर्षभर ठेवू नका. गळा काही पळून जात नाही.

"आपण लिहिता की ह्या बाईने सॅक्सोफोनच्या चालीवर शब्द लिहिले हे फार मोठे काम. आमच्या भजनी मंडळात मी चाळीस वर्षे पेटी वाजवून राहिलो, सिनेमाच्या चालीवर शब्द बसवून आम्ही शेकडो भजने म्हटली. आमचे कोणी कौतुक केले नाही. दुसऱ्याच्या चालीवर शब्द टाकणे ही पॅरडीच, त्यात कला कोणती?" (एक पेटीवादक, महाल)

काका, हेच ते भांडण. आणि मला आवडलं. सविस्तर उत्तर देतो.

तुम्ही जी चाल घेता ती मुळात शब्दांसाठीच बांधलेली असते. श्वास कुठे घ्यायचा, ओळ कुठे मोडायची, यमक कुठे पडेल, सगळी सोय संगीतकाराने करून ठेवलेली, तुम्ही जुने भाडेकरू काढून नवे ठेवता. घर तेच. सॅक्सोफोनचा सोलो म्हणजे घरच नाही. वाजवणाऱ्याने त्या क्षणी जे सुचलं ते वाजवलं, कोणी हे कधी गाईल असं त्याच्या ध्यानीमनी नाही, मध्येच एका झटक्यात सुरांचा पुंजका, मध्येच दीड सप्तक वरून खाली उडी, मध्येच अडखळल्यासारखं थांबणं. तिथे एकेका सुराला एकेक अक्षर चिकटवायचं, आणि त्यातून अर्थही निघाला पाहिजे, आणि गाता पण आलं पाहिजे. ह्याला व्होकलीज म्हणतात.

आपल्याकडे तान आली की शब्द बाजूला बसतो, गवई आ-कारात निघून जातो आणि समेवर येऊन शब्दाला परत हात देतो. व्होकलीजवाला तानेतल्या प्रत्येक सुरावर अक्षर ठेवतो. समजा बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनईची एक मिनिटाची उपज तुम्ही जशीच्या तशी, मुरकीसकट पाठ केली आणि त्यावर एक गोष्ट लिहिली, सुरुवात-मधला-शेवट असलेली. ही पॅरडी का?

आता ॲनीची हकीकत. १९५२ साल, ती न्यूयॉर्कमध्ये, कामाच्या शोधात. त्याच सुमारास किंग प्लेझर नावाच्या गायकाचं असंच एक गाणं गाजून राहिलं होतं, जेम्स मूडीच्या सॅक्सोफोन सोलोवर एडी जेफर्सनने शब्द लिहिलेलं. प्रेस्टिज कंपनीचे मालक बॉब वाइनस्टॉक, त्यांनी ॲनीला विचारलं, असं तुला जमेल का? पैशाची इतकी गरज होती की ती काहीही जमेल म्हणाली असती. रेकॉर्डी घेऊन घरी गेली, त्यातली सॅक्सोफोनवाल्या वॉर्डेल ग्रेची 'ट्विस्टेड' उचलली, १९४९ ची, आणि रात्रीतून शब्द लिहून दुसऱ्या दिवशी हजर.

ती चाल आहे बारा बारची ब्लूज, म्हणजे बारा खणांचं आवर्तन फिरत राहते आणि वॉर्डेल ग्रे त्यावर दर फेरीला वेगळं काही सांगतो. शीर्षक आधीचंच होतं, ट्विस्टेड म्हणजे पिळलेलं, वाकडं. दुसरा कोणी असता तर त्याने प्रेमभंग लिहिला असता. हिने काय केलं, एक पोरगी उभी केली जिला मानसोपचाराचा डॉक्टर सांगतो की बाई तुझं डोकं ठिकाणावर नाही, आणि ती आपली बाजू मांडते की लहानपणापासून मीच कशी शहाणी आणि बाकीचे कसे खुळे. आता सोलो ऐका. तो जिथे घाईघाईने सूर सांडतो तिथे ही पोरगी घाईघाईने सफाई देते, तो जिथे एकदम वर चढतो तिथे हिचा आवाज चिरकतो, तो थबकतो तिथे ही क्षणभर विचारात पडते. म्हणजे शब्द नुसते मापात बसले नाहीत, ग्रे वाजवताना जणू हेच बोलून राहिला होता असं वाटू लागते. चाल त्याचीच. पण ती बाई कोण होती हे ॲनीने सांगितलं, त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. गाणं गाजलं, १९५२ मध्येच आलं, डाउन बीट ह्या जॅझच्या मासिकाने तिला नवी गायिका म्हणून मान दिला, आणि वीसेक वर्षांनी जोनी मिचेल ह्या प्रसिद्ध गायिकेने ते परत गायलं तेव्हा नव्या पिढीला वाटलं तिचंच आहे. कौतुक न झाल्याचं तुमचं दुःख तिलाही होतंच म्हणायचं!

तुम्हाला गृहपाठ देतो, काका. पेटीवर कोणताही विचार न करता सोळा मात्रा वाजवा, द्रुत लयीत, मोबाइलवर रेकॉर्ड करा. मग त्याच्यावर मराठीत शब्द बसवा, एका सुराला एक अक्षर. जोडाक्षर कुठे अडते, दीर्घ वेलांटी कुठे पुरत नाही, आणि वेगात ळ उच्चारताना जीभ कशी मागे राहते ते पाहा. मग सांगा कला आहे की नाही.

"सर, स्कॅट आणि व्होकलीज एकच का?" (एक विद्यार्थिनी, रामदासपेठ)

नाही. स्कॅटमध्ये अर्थ नसलेली अक्षरं आणि सूर जागच्या जागी सुचलेले. आपल्या तराण्याच्या जवळचं समज, फक्त बंदिश नसलेला तराणा. व्होकलीजमध्ये सूर आधी वाजून गेलेले आणि शब्द लिहून काढलेले. स्कॅटची गंमत चाखायची तर 'ईना मीना डीका' ऐक, १९५७ च्या 'आशा'तलं, सी. रामचंद्रांचं. आणि हे अण्णा म्हणजे आपल्या नागपुरात शंकरराव सप्रे गुरुजींकडे शिकलेले, वसंतराव देशपांडे तिथे त्यांच्या सोबतीला. त्यांच्या वाद्यवृंदात चिक चॉकलेटसारखा जॅझ वाजवणारा गोव्याचा ट्रम्पेटवाला होता. तर जॅझ आपल्याला परका आहे असं म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्या.

"काका, मी एका स्टुडिओत रेकॉर्डिस्ट आहे. तुम्ही व्हॉट्सॲपवर सांगितलेला, ॲनी आणि तिच्या दोन साथीदारांचा काउंट बेसीच्या गाण्यांचा अल्बम ऐकला. फक्त तीन जण आहेत म्हणता, मग कोरस पंधरा जणांचा कसा वाटतो? तेव्हा कॉम्प्युटर कुठे होता?" (एक रेकॉर्डिस्ट, सदर)

शाब्बास, कान आहे तुला. तो अल्बम 'सिंग अ साँग ऑफ बेसी', १९५७ मध्ये रेकॉर्ड झाला. डेव्ह लॅम्बर्ट आणि जॉन हेंड्रिक्स ह्या दोघा गायकांच्या डोक्यात आलं की काउंट बेसी ह्या नामी जॅझ बँडलीडरचा अख्खा बँड गळ्यातून गायचा, नुसता एक सोलो नाही, ट्रम्पेटवाले, ट्रोम्बोनवाले, सॅक्सवाले, सगळ्यांचं वाजवणं शब्दांत. हेंड्रिक्सने शब्द लिहिले, लॅम्बर्टने भाग वाटले, आणि स्टुडिओत गाणारे बारा-तेरा लोक भाड्याने आणले. त्यांना बेसीची झुलती लय शिकवायला कोणी पाहिजे म्हणून ॲनीला बोलावलं, गायला नाही हां, शिकवायला.

ते लोक वाचून गाणारे, कागदावरचं एकही अक्षर चुकत नव्हते आणि एकही बार झुलत नव्हता. आपल्याकडे एखादा गडी लावणी स्वरलिपीतून म्हणेल तसं. पैसे गेले, वेळ गेला, कंपनी वैतागली. तेव्हा निर्माते क्रीड टेलर आणि हे तिघं ह्यांनी ठरवलं की सगळ्यांना घरी पाठवा, सगळं आपणच गाऊ. आधी ऱ्हिदम सेक्शन, म्हणजे ताल धरणारी वाद्यं, टेपवर घेतलं, गिटारवर तर खुद्द बेसीच्या बँडचा फ्रेडी ग्रीन. मग तिघांनी एक थर गायला, तो ऐकत ऐकत त्यावर दुसरा थर, मग तिसरा. तुझ्यासारखं ट्रॅक म्यूट कर, कॉपी-पेस्ट कर, पिच सरळ कर, असलं काही नाही. प्रत्येक नव्या थरासोबत टेपची खरखर वाढते, आणि चुकलं तर गा परत. रात्र रात्र बसले. ट्रम्पेटचे वरचे सूर ॲनीच्या वाट्याला. हेडफोन लावून ऐक, चार ट्रम्पेट आहेत असं वाटते आणि चारही हीच बाई. स्वतःच्याच तीन आवाजांशी चौथा आवाज जुळवायचा म्हणजे श्वाससुद्धा मागच्या वेळी घेतला तिथेच घ्यावा लागतो, नाहीतर फटी दिसतात. हे तुला मी कशाला सांगू, तू रोज करून राहिला.

मग तिघांचा ग्रुपच झाला, लॅम्बर्ट, हेंड्रिक्स अँड रॉस. पुढच्या अल्बममध्ये बेसीचा खरा बँड त्यांच्याबरोबर वाजवायला आला. १९६२ मध्ये ग्रॅमी मिळालं.

"इतकं यश असताना ग्रुप का सोडला तिने? आणि पुढे काय झालं?" (एक वाचक, लक्ष्मीनगर)

हेरॉइन. गोल गोल सांगत नाही, तिनेही नंतर कधी लपवलं नाही. त्या काळच्या जॅझवाल्यांमध्ये ही कीड फार, आणि काही लोक अजूनही त्याच्याकडे कलावंताचा दागिना असल्यासारखं बघतात, मला त्याची चीड येते. वर्षातले किती महिने नुसत्या प्रवासात, एका रात्रीत दोन-तीन कार्यक्रम, त्यात ही सवय. १९६२ मध्ये लंडनला असताना ती ग्रुपमधून बाहेर पडली आणि तिथेच राहून सावरली. तिच्या जागी ग्रुपने कोणाला घेतलं माहीत आहे? योलांड बावन, कोलंबोत जन्मलेली. म्हणजे स्कॉटलंडची पोरगी गेली आणि सिलोनची आली, आणि अमेरिकेच्या जॅझचं गाडं चालू राहिलं! १९६४ ला तो ग्रुप थांबला, १९६६ मध्ये लॅम्बर्ट रस्त्यावर अपघातात गेला, म्हणजे मूळ तिघांनी परत एकत्र यायचा विषयच संपला.

ॲनीने १९६४ मध्ये लंडनला स्वतःचा क्लब काढला, 'ॲनीज रूम', तो फार चालला नाही. नट शॉन लिंचशी लग्न केलं होतं, १९७५ मध्ये घटस्फोट झाला, थोड्याच दिवसांत तो मोटार अपघातात गेला, त्याच सुमारास घर गेलं, दिवाळं निघालं. एवढं एका माणसाच्या कुंडलीत असू नये.

पोट भरायला सिनेमा-नाटकाची कामं घेतली. 'सुपरमॅन ३' मध्ये खलनायकाची बहीण आहे ना, जिला शेवटी मशीन गिळते, आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलीय ती, तीच ॲनी. आणि एक मासला ऐका. १९७३ चा 'द विकर मॅन', गोष्ट स्कॉटलंडच्या बेटावरची, नटी ब्रिट एकलंड स्वीडनची, तिचे उच्चार स्कॉटिश वाटेनात म्हणून संवादांना आवाज दिला ॲनीने. पडद्यावर चेहरा दुसरीचा, ओठ दुसरीचे, आणि त्या ओठांच्या हालचालीत अक्षरं बसवायची. वॉर्डेल ग्रेच्या बोटांवर जे केलं तेच, फक्त ह्या वेळी पैसे मोजून आणि नाव न लावता.

नंतर ती न्यूयॉर्कला परतली. १९९३ मध्ये रॉबर्ट ऑल्टमनच्या 'शॉर्ट कट्स'मध्ये थकलेल्या क्लब-गायिकेचं काम केलं, त्यात आवाज ऐका, वरचे ट्रम्पेटचे सूर गेलेले, खाली राहिली ती खरखर आणि शब्दफेक. त्याच भांडवलावर ती ऐंशी ओलांडून मॅनहॅटनच्या एका छोट्या हॉलमध्ये दर आठवड्याला गायची. गायची म्हणजे अर्धं बोलायची, पण मात्रा हलत नव्हती. २०१० मध्ये अमेरिकन सरकारचा जॅझ मास्टर हा मान मिळाला. २१ जुलै २०२० ला गेली, नव्वदावा वाढदिवस चार दिवसांवर होता.

"ऐकायला सुरुवात कुठून करू? इंग्रजी बेताचंच आहे." (एक वाचक, इतवारी)

इंग्रजी बाजूला ठेवा. आधी वॉर्डेल ग्रेचा मूळ 'ट्विस्टेड' ऐका, तीनदा, चहा पिता पिता, चौथ्यांदा तुम्ही त्यासोबत गुणगुणायला लागाल. मग लगेच ॲनीचा लावा. शब्द कळले नाहीत तरी सूर ओळखीचे निघतात आणि हसू येते, तिथे तुमचं काम झालं. मग बेसीचा अल्बम, पण मोबाइलच्या स्पीकरवर नको, तेवढं पाप करू नका. आणि दमला असाल तर रात्री तिने सॅक्सोफोनवाल्या जेरी मलिगनबरोबर केलेला अल्बम, त्यात करामत कमी आणि गाणं जास्त. माझा सगळ्यात आवडता तोच, पण हे बाकीच्यांना सांगू नका, जॅझवाले मला पंगतीतून उठवतील.

ता. क. कॉलम छापायला जाता जाता महालच्या काकांचा फोन आला, गृहपाठ मी आधीच कळवला होता. सोळापैकी अकरा मात्रा बसल्या म्हणाले, विषय घेतला आहे शेजाऱ्याच्या कुत्र्याचा. बाराव्या मात्रेवर 'कळवळला' आला आणि तिथेच अडकून राहिलो म्हणे. मी म्हटलं शब्द बदला. तर म्हणाले, नाही, तान तशीच वाजली होती.